कॅसेटींचे रूपांतर मूळ वेगातच हवे

महोदय,

पुण्यातील अनेक घरांत अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेल्या लग्नामुंजींच्या व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत. त्या तेथील एनटीएससी या टीव्ही-चित्रणाच्या पद्धतीच्या, म्हणजे ५२५ रेषांच्या आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रांच्या; आपली पाल पद्धत ६२५ रेषांची व २५ चित्रांची. कॅसेटींचे संगणकाच्या फाइलमध्ये रूपांतर करून देणारे काही दुकानदार सवयीने सारेच ‘पाल’मध्ये बसवतात, त्यासाठी सेकंदाला सुमारे ५ चित्रे सरळ गाळली, की सप्तपदी चालणारी वधू पावलोपावली अडखळल्यासारखी दिसते. आजचे संगणक आणि बहुतेक टीव्ही दोन्ही वेग विनातक्रार दाखवत असताना हा उपद्व्याप कशासाठी? दुकानदारांनी मूळ वेग राखूनच फाइल द्यावी आणि ग्राहकांनीही (दराची घासाघीस करण्याआधी) तसे पावतीवर लिहून घ्यावे, कारण जुनी फीत दुसऱ्यांदा धड चालेलच असे नाही.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे