नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र: वांग्याच्या सावलीवर घरपट्टी कसली लावता?

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मी खानदेशातल्या एका महापालिका हद्दीत राहणारी निवृत्त शिक्षिका. गेल्या वर्षी आमच्या वॉर्डात सभा घेऊन सांगितलं गेलं की गच्चीवर बाग करा, ओला कचरा घरीच जिरवा, घरपट्टीत सूट देऊ. आम्ही केलं. परवा सूट आली नाही, नोटीस आली. भाजीवर बांधलेली हिरवी शेडनेट कागदोपत्री ‘वाढीव बांधकाम, तात्पुरते शेड’ झाली. तिच्यावर घरपट्टी, आणि वर सात दिवसांत काढून टाकण्याचा हुकूम!

साहेब, चार बांबू, सुतळी आणि जाळी, एवढंच ते बांधकाम आहे. मोजायला आलेल्या माणसाने टेप धरली, आकडे लिहिले, खाली काय लावलंय ते वाकून पाहिलंसुद्धा नाही. भरिताची वांगी आहेत, पोकळा आहे, मिरच्या आहेत. पालापाचोळा आणि गांडूळखतावर वाढलेल्या, ठिबकच्या नळीवर जगलेल्या. आमचा ओला कचरा घंटागाडीत जातच नाही.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्र उलटली तरी धग खोलीत उतरत राहते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात ओला पंचा अंगावर टाकून, कुशी बदलत त्यांनी रात्री काढल्या. वर माती आणि सावली आली तेव्हा कुठे त्या खोलीत त्यांचा डोळा लागू लागला. आता ऐन उन्हाळ्यात नेट उतरवून त्यांना कुठे नेऊ? ही नोटीस आल्यापासून माझीही झोप उडाली आहे.

तुमच्याच २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हरित इमारतीचं मानांकन आणणाऱ्या बिल्डरला ३ ते ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा आहे. पुण्यात सौरऊर्जा, पर्जन्यजल, गांडूळखत केलं की मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत मिळते. मग आमच्याच वाट्याला दंडुका का? सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ पर्यावरण अभियानाच्या नावाने भिंती रंगवल्या, शपथा दिल्या, घरपट्टीच्या बिलात वृक्षकर वेगळा घेता, आणि झाड खरोखर लावलं की मोजमाप घ्यायला माणूस धाडता! सरकारला हिरवळ कागदावरच हवी आहे का?

माझं माहेरचं घर धाब्याचं होतं. लाकडी सऱ्या आणि वर मातीचा जाड थर. भर दुपारी आत शिरलं की गार वाटायचं. खानदेशी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या घरावर माती घालूनच ऊन अडवलं आहे. सिमेंटच्या गच्चीवर तीच माती परत नेली तर ते अतिक्रमण कसं?

ही नोटीस रद्द करा. गच्चीवरची शेडनेट बांधकामात धरू नये, असं परिपत्रक सगळ्या महापालिकांना काढा. कबूल केलेली सूट द्या. तोवर मी नेट काढणार नाही आणि तिच्यापोटी लावलेली घरपट्टीही भरणार नाही. बाकी बिल वेळेत भरीन. ज्यांना काढायची असेल त्यांनी दुपारी दोन वाजता यावं आणि आधी नेटबाहेरच्या स्लॅबवर अनवाणी उभं राहून दाखवावं.

आपली,
एक नियमित करदाती