येझदी पुण्याला नेतेय, बाबा

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलायला गेले की विषय दुसरीकडेच जातो, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय. येत्या रविवारी सकाळी मी आणि आनंद टेम्पो घेऊन येतोय. आपली येझदी मोटरसायकल पुण्याला नेणार आहोत. दादाशी बोलणं झालंय, तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही विचारलंय. आता ते ठरलंय, बाबा.

गाडी विकणार नाही. तुमच्या मनात पहिल्यांदा तेच येईल म्हणून आधी सांगते. ती तुमच्याच नावावर राहील आणि आमच्या पार्किंगमध्ये आतल्या बाजूला, पाऊस लागणार नाही अशा जागी उभी राहील.

आईला बोलू नका, तिनं मला काही सांगितलेलं नाही. कारखान्याच्या वळणावर काय झालं ते मामांकडून कळलं. चूक तुमची नव्हतीच. अंधारात रस्त्यात उभ्या केलेल्या ट्रॉलीला मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, तिथं तिशीतला माणूससुद्धा गडबडला असता. तुम्ही गाडी आवरलीत, शेतात उतरवलीत, खरचटण्यावर निभावलं. पण ताशी ४० नं चाललेली गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढं जाते आणि आपल्या गाडीला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. मोतीबिंदूनंतर तुम्हाला दिवसा छान दिसतं, पण समोरून हेडलाइट आला की काही क्षण काहीच दिसत नाही, हे तुम्हीच दिवाळीत म्हणाला होता. हंगाम संपेपर्यंत त्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रॉल्याच असणार. शिवाय मे महिन्यात लायसन संपतंय. या वयात ते पाचच वर्षांचं मिळतं आणि त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. आयुष्यभर कुणापुढं शब्द टाकला नाहीत, तो आता दाखल्यासाठी टाकावा लागू नये असं मला वाटतं.

गेले काही दिवस मला सारखं १९९३ आठवतंय. बारावीची परीक्षा संपली होती, मला अठरा पूर्ण झाली होती आणि तुम्ही काही न सांगता सांगलीहून लर्निंग लायसनचा फॉर्म आणलात. गावात तोवर एकाही मुलीनं गिअरची गाडी चालवली नव्हती. काकी म्हणाल्या, लूना घेऊन द्या की. तेव्हा आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही, भाकरी उलटता उलटता म्हणाली, "तिला मोटरसायकलच येऊ दे. उद्या रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर?" आई, तुला हे आठवत नसेल. मी विसरलेले नाही.

पहिला धडा गाडीवर बसायचा नव्हताच. अंगणात पोतं अंथरून तुम्ही प्लग काढायला लावलात. टोकावर काळा, ओलसर कार्बन. तो पॉलिश पेपरनं घासायचा, फटीत काही अडकलंय का ते उजेडाकडं धरून बघायचं, मग हातानं आटे बसवून शेवटीच पाना लावायचा. पेट्रोलमध्ये ऑईल मापानंच घालायचं, अंदाजानं नाही. मग किक. येझदीची ती एकच दांडी, आत दाबून मागं उभी केली की किक आणि पुढं पाडली की गिअर, तिनं पहिल्याच दिवशी उलटा झटका दिला आणि माझी नडगी सुजली. आईनं हळद गरम करून लावली. तुम्ही म्हणालात, "भ्यायचं नाही. पाय सैल सोडलास म्हणून लागलं. पूर्ण वजन टाकायचं."

माळावर तुम्ही मागं बसायचात. दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर, हँडलला कधी हात लावला नाहीत. क्लच सोडताना गाडी आचके द्यायची, बंद पडायची, आणि मागून तेवढंच शांतपणे यायचं, "पुन्हा." इतर वडील मुलांवर ओरडायचे ते मी बघत होते, तुमचा आवाज एकदाही चढला नाही. पुढं भिलवडीचा पूल ओलांडून औदुंबरपर्यंत मी गाडी नेली तेव्हा पुलावर समोरून एसटी आली. माझे हात घट्ट झाले. तुम्ही फक्त म्हणालात, "एसटीकडं बघू नको. जिथं जायचंय तिथं बघ." आजही कात्रजच्या घाटात गाडी चालवताना मी तेच करते. आरटीओच्या मैदानावर पाय न टेकता आठचा आकडा काढला तेव्हा साहेबांनी मला नाही, तुम्हाला विचारलं, "कुणी शिकवलं?" तुमचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, बाबा.

२०१९ च्या पुरानंतर सगळे म्हणाले, भंगारात घाला. टाकीत गाळ, सायलेन्सरमध्ये गाळ. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ लाच बंद पडलेला, पार्ट मिळवायचे म्हणजे शोधाशोध. तुम्ही दिवाळीपर्यंत एक एक भाग रॉकेलनं धुऊन ती उभी केलीत. म्हणूनच मला ती पुन्हा कुठल्या चारीत पडलेली बघायची नाही, आणि तिच्याखाली तुम्ही तर नाहीच नाही. नाना पेठेत जुन्या जावा-येझदीचं काम करणारे एक मिस्त्री मला मिळालेत. हल्लीच्या इथेनॉल घातलेल्या पेट्रोलनं रबरी नळ्या आणि वायसर खराब होतात, ते सगळं बदलून घेते. कार्बोरेटरला मात्र तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावू देणार नाही. मिस्त्रींशी तुम्हीच फोनवर बोला.

आणि सईचं लर्निंग लायसन निघालंय. तिला शोरूममधली नवी येझदी नकोय, आजोबांचीच हवी आहे. तिला मी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सोडणार नाही, काळजी करू नका. मोकळ्या मैदानावरच शिकवणार. किक कशी मारायची ते मात्र तिला तुम्हीच दाखवा. हंगाम संपला की दोघं महिनाभर राहायलाच या. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय, गीझर खाली घेतलाय, आईच्या गुडघ्यांसाठी उंच पाट केलाय. आईला सकाळी चुलीवरचं पाणी लागतं ते इथं नाही मिळणार, पण सकाळचं ऊन बाल्कनीत नऊपर्यंत असतं.

आता गावातल्या व्यवस्थेचं. मामांच्या शेजारचा रिक्षावाला मुलगा रोज सकाळी दहाला येईल. बँक, दवाखाना, गुरुवारी औदुंबर, तुम्ही म्हणाल तिकडं. पैसे मी महिन्याचे देणार, त्याच्याशी घासाघीस करायची नाही आणि "आज नको" म्हणून परत पाठवायचं नाही. तुम्हाला कुणावर अवलंबून राहणं आवडत नाही हे मला माहीत आहे. तो फक्त चालवेल. कधी निघायचं आणि कुठं जायचं ते तुमचंच. बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच, चक्कर आली की वहीत तारीख लिहायची आणि मला त्याच दिवशी सांगायचं, आठ दिवसांनी नाही. आई, तू संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालायला जा, म्हणजे तुझंही चालणं होईल. लोणच्याची बरणी मी आल्यावरच माळ्यावरून काढायची. स्टुलावर चढलीस तर मला कळेल.

रविवारी पोहे करू नकोस, आम्ही खाऊन निघू. फार तर तुझं पिठलं-भाकरी दुपारी.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, दुसरी किल्ली देवघरातल्या डब्यात आहे, तीही काढून ठेवा. आणि शेवटची चक्कर म्हणून शनिवारी गाडी बाहेर काढू नका. टेम्पोत चढवण्याआधी मी चालवते, तुम्ही मागं बसा, औदुंबरला जाऊन येऊ. दोन हेल्मेट आणतेय. आईकडून डोक्याचा घेर दोऱ्यानं मोजून घ्या आणि माप उद्याच कळवा.