तळघरातली भट्टी : शुभास पत्र

विल्क्स-बॅरी, पेनसिल्व्हेनिया
जानेवारीअखेर

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला अजून उत्तर गेले नाही, याची रुखरुख रोज होती. एरवी फोनवर बोलून ते भागवले असते, पण आज जे लिहायचे आहे ते फोनवर बोलवत नाही, कारण घरात सगळे असतात आणि आपल्या मैत्रिणीचे, कुंदाचे नाव मी या घरात कधी उच्चारलेले नाही. आमच्या प्रकृती ठीक आहेत. माझे रक्तदाबाचे औषध चालू आहे, अविनाशचा खांदा सुधारतो आहे. त्याहून अधिक त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

गेल्या आठवड्यात इथे थंडीची मोठी लाट येऊन गेली. रात्री पारा उणे २२ सेल्सिअसपर्यंत उतरत होता, दिवसाही शून्याच्या वर चढत नव्हता, आणि सस्क्वेहाना नदी काठापासून आत आत गोठत चालली होती. अशा थंडीत आमचे हे जुने लाकडी घर राहण्याजोगे राहते ते तळघरातल्या कोळशाच्या भट्टीमुळे. ओतीव लोखंडाची, माझ्या छातीपर्यंत येणारी ही भट्टी घराबरोबरच आमच्याकडे आली. तिच्या माथ्यावरून पत्र्याचे जाड नळ निघतात आणि वरच्या खोल्यांच्या जमिनीतल्या जाळ्यांपर्यंत जातात. तापलेली हवा त्यांतून आपोआप वर चढते. तिला पंखा नाही, मोटार नाही, त्यामुळे वादळात वीज गेली तरी घर गार पडत नाही. शरद ऋतूत कोळशाचा ट्रक येतो, तळघराच्या लहानशा खिडकीतून पन्हळ आत सोडतो आणि कोळसा खडखडत कोठीत उतरतो. तो आवाज मला फार आवडतो, आणि तो का आवडतो हे या गावात कोणाला सांगून कळणार नाही.

इथला कोळसा आपल्याकडच्यासारखा नाही, हे तुला आधी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. बल्लारपूरचा कोळसा पेटताना दाट धूर ओकायचा, आणि संध्याकाळी सगळ्या सिगड्या अंगणात पेटल्या की समोरचे क्वार्टर दिसेनासे व्हायचे. त्यातही सिगडी तू पेटवलेली असली की अख्खी लाइन खोकत असे, हे तू आजवर कबूल केलेले नाहीस! इथे मिळतो तो अँथ्रासाइट. तो कठीण आणि चकचकीत असतो, त्यात कार्बन ८६ टक्क्यांहून अधिक असतो आणि तापल्यावर वायू होऊन बाहेर पडणारा भाग ८ टक्क्यांहून कमी, म्हणून एकदा पेटला की त्याला धूर जवळजवळ नसतोच. पेटतो मात्र फार नाखुशीने. आधी लाकडांचा चांगला जाळ करावा लागतो, त्यावर थोडा थोडा कोळसा घालून धीराने वाट पाहावी लागते. एके काळी भाता मारल्याशिवाय हा कोळसा जळणार नाही, असेच बहुतेकांना वाटत असे. ११ फेब्रुवारी १८०८ रोजी याच विल्क्स-बॅरीत जेसी फेल या गृहस्थाने आपल्या खानावळीत तो लोखंडी जाळीवर रचून पेटवला आणि खालून हवा मिळाली की भात्याशिवाय तो घरातही जळतो हे दाखवून दिले. आमची भट्टी आजही त्याच तत्त्वावर चालते: हवा खालून द्यायची आणि वरून ढवळायचे नाही.

सकाळ-संध्याकाळ मी खाली जाते. आधी खालचे दार उघडून आग थोडी तेज होऊ द्यायची, मग बाजूचा दांडा मागेपुढे करून जाळी झटकायची. राख खालच्या डब्यात पडत राहते, आणि तिच्यात लाल कण दिसू लागले की हात थांबवायचा. त्याहून अधिक झटकले तर निखाराच वाया जातो आणि कमी झटकले तर राख साचून हवा अडते. डबा रोज रिकामा करावाच लागतो, कारण राख जाळीला टेकली की जाळीला गार हवा लागत नाही आणि ओतीव लोखंड तापून वाकते. ती राख मी झाकणाच्या लोखंडी बादलीत निववते आणि मग पायऱ्यांवरच्या बर्फावर पसरते, म्हणजे पाय घसरत नाही. यानंतर पाऊण ते दीड इंचाचे खडे फावड्याने भरपूर घालायचे, पण एका कोपऱ्यात लाल निखारा उघडा ठेवूनच. दार किंचित उघडून पाहिले की त्या कोपऱ्याचे महत्त्व कळते. नव्या खड्यांच्या फटींतून निळ्या ज्वाला वर येतात, बोटभर उंच, पिवळेपणाचा अंशही नसलेल्या, आणि एका खड्यावरून दुसऱ्या खड्यावर सरकत राहतात. शुभा, त्या इतक्या सुंदर दिसतात की मी कितीतरी वेळा हातातले फावडे तसेच धरून उभी राहिले आहे. त्या ज्वाला म्हणजे जळणारा कार्बन मोनॉक्साइड असतो. लाल कोपरा झाकला गेला तर हा वायू न पेटता साचतो आणि मग एकदम भडका उडून धुराड्याकडे जाणाऱ्या नळाचे सांधे सुटू शकतात. हे सारे मला शेजारच्या आजोबांनी शिकवले. त्यांचे वडील खाणकामगार होते. १९५९ सालच्या जानेवारीत नॉक्स खाणीत नदी घुसून १२ माणसे गेली, त्यानंतर या खोऱ्यातल्या खोल खाणी एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांचीही नोकरी सुटली. आजोबा मात्र अजून कोळशावरच घर तापवतात.

लाटेतल्या सर्वांत थंड दिवशी संध्याकाळपासून माझे डोके दुखत होते. थंडीत सायनसमुळे दुखते तसेच ते दुखणे होते. त्यात वेगळे असे काही नव्हते. मी स्वयंपाक केला, जेवणे झाली, भांडी आवरली. अविनाश खुर्चीतच पेंगू लागला, आणि दिवसभर बर्फ उपसून आलेल्या माणसाने पेंगावे यात नवल ते काय? घर छान उबदार होते. कसलाही वास नव्हता, डोळे चुरचुरत नव्हते, खाली भट्टीत निळ्या ज्वाला नेहमीप्रमाणे हलत होत्या. आणि मग जिन्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा गजर वाजू लागला. त्याच्या पडद्यावरचा आकडा १५० च्या पुढे होता, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे तितके भाग. असा गजर ७० भागांवर एक ते चार तासांत वाजतो, १५० वर १० ते ५० मिनिटांत आणि ४०० वर १५ मिनिटांच्या आत. हे कोष्टक आता मला पाठ झाले आहे आणि रात्री जाग आली की ते मनात आपोआप सुरू होते.

आम्ही कोट चढवून बाहेर पडलो. गावातल्या स्वयंसेवकांचे अग्निशामक दल आले. त्यांनी मापक घेऊन तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत प्रत्येक खोलीतली हवा तपासली, खिडक्या सताड उघडल्या आणि आग भट्टीतच राहू देणे धोक्याचे म्हणून जळते निखारे लोखंडी बादल्यांत भरून अंगणात नेऊन ठेवले. तापलेल्या भट्टीत पाणी ओतता येत नाही, ओतीव लोखंड तडकते. उणे २२ मध्ये खिडक्या उघड्या असलेले घर पाहता पाहता गार पडले. नळ गोठून फुटू नयेत म्हणून अविनाशने मुख्य तोटी बंद करून पाणी सोडून दिले, आणि रात्र आम्ही आजोबांकडे काढली.

सकाळी आजोबांनी भट्टीपासून धुराड्यापर्यंत जाणारा आडवा नळ उतरवला. तो मऊ, पिठूळ राखेने जवळजवळ भरलेला होता आणि धुराड्याच्या पायथ्याशीही तीच राख साचली होती. अँथ्रासाइटची काजळी धरत नाही, पण ही उडती राख असते, आणि कडाक्याच्या थंडीत आग दिवसरात्र जोरात चालली की ती अधिकच उडते. ऑक्टोबरमध्ये धुराडे साफ करण्याचे पैसे घेऊन गेलेल्या माणसाने वरून ब्रश फिरवला होता आणि हा नळ उघडलाच नव्हता. बाहेर थंडी जितकी अधिक तितकी धुराड्याची ओढ अधिक असते, त्यामुळे कोंडत आलेला नळही इतके दिवस निभावून गेला असावा. त्या माणसाचा मला अजूनही अतोनात राग येतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. कुंदा गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तू तिच्याकडे जाऊन आली होतीस. सकाळी दार फोडले तेव्हा आपण दोघी अंगणात उभ्या होतो, आणि सिगडी खोलीच्या कोपऱ्यात तशीच होती. धूर पूर्ण जाईपर्यंत ती बाहेर ठेवली होती आणि निखारे लालभडक झाल्यावरच आत घेतली होती, जसे आपल्या सगळ्यांच्या घरी थंडीत करत असत. धूर गेला म्हणजे धोका गेला, असेच आपल्या आया समजत होत्या, आणि त्यांना वेगळे सांगणारे कोणी नव्हते. ‘ती डोके दुखते म्हणाली होती, मला कळायला हवे होते,’ असे तू तेव्हापासून म्हणत आलीस आणि ‘ते कळणे शक्यच नव्हते’ असे मी म्हणत आले. यावरून आपण वर्धेच्या पुलावर भांडलो, तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्री भांडलो, आणि मी इकडे यायला निघाले तेव्हा स्टेशनवरसुद्धा तू म्हणालीस की मी हे केवळ तुला बरे वाटावे म्हणून बोलते.

शुभा, मी इतकी वर्षे रसायनशास्त्र शिकवते. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरीही त्या संध्याकाळी मी त्याच हवेत वावरले, भाजी चिरली, हसले, बोलले, आणि माझ्या शरीराने मला एका साध्या डोकेदुखीपलीकडे काहीही सांगितले नाही. कळले ते भिंतीवरच्या यंत्राला. तू त्या वेळी सतरा वर्षांची होतीस, बारावीच्या अभ्यासाने थकलेली होतीस आणि थंडीच्या दिवसांत मैत्रिणीचे डोके दुखते आहे एवढेच तुला दिसले होते. त्यातून तुला काय कळणार होते? आता हे मी तुझी समजूत घालण्यासाठी लिहीत नाही. मी त्या खोलीत बसून आले आहे. यावर तुला माझ्याशी पुन्हा भांडायचे असेल तर अवश्य भांड, पण या वेळी तू हरशील.

मला मात्र तेव्हापासून झोप नाही. मध्यरात्री उठून खाली जाते, नळाच्या सांध्यांवरून हात न टेकवता फिरवते, गजराचे बटण दाबून पाहते. अविनाश म्हणतो की उन्हाळ्यात ही भट्टी काढू आणि विजेवरची यंत्रणा बसवू. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. पण माझे मन अजून तयार होत नाही, आणि त्याचे कारण केवळ माया नव्हे. दोष कोळशाचा नव्हता, वाट बुजली होती; वाट बुजली तर तेलाची किंवा गॅसची भट्टीही हाच वायू घरात सोडते. मी प्रत्येक मजल्यावर नवे गजर लावले आहेत, धुराड्याची ओढ दाखवणारे मापक बसवून घेतले आहे, आणि हिवाळा संपेपर्यंत दर महिन्याला आग विझवून तो आडवा नळ मी स्वतः उघडणार आहे. इतके करून भट्टी ठेवावी का? की कुंदाला पाहिलेल्या माणसाने घरात निखारा ठेवूच नये? अविनाशला मी हा प्रश्न असा विचारू शकत नाही. तुझे उत्तर मला हवे आहे, आणि ते मला धीर देणारे नसले तरी चालेल.

मीराचे लग्न ठरले हे वाचून फार आनंद झाला. मुलगा पुण्याचा आहे म्हणजे ती तुझ्यापासून फार लांब जाणार नाही. गुडघ्याचे ऑपरेशन लग्नानंतरवर ढकलू नकोस. निवृत्तीनंतर शाळेतली मुले अजून घरी येतात हे ऐकून तुझा हेवा वाटला.

एक गोष्ट मात्र आजच्या आज कर. तुझ्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे, आणि नागपुरात थंडी पडली की तुम्ही दार-खिडकी घट्ट लावून अंघोळी करता, हे मी स्वतः पाहिले आहे. बंद जागेत हवा कमी पडली की त्यातूनही हाच वायू निघतो. आपल्याकडे हिवाळ्यात अशा बाथरूममध्ये माणसे गेल्याच्या बातम्या तूही वाचतेस. तो गिझर बाहेर गच्चीकडच्या भिंतीवर बसवून घे, आणि ते होईपर्यंत पाणी बादलीत काढून, गिझर बंद करून मगच अंघोळ करा. फेब्रुवारीत अविनाशचा भाचा नागपूरला येतो आहे. त्याच्याबरोबर बॅटरीवर चालणारे गजर पाठवते आहे, एक तुझ्या घरासाठी आणि एक मीराच्या नव्या घरासाठी. प्लंबर कधी येतो ते मला कळव. तो आला नाही तर मी तुझ्या जावयाला फोन करणार आहे.

तुझी,
नलू