नवस आईचा, पाय माझे

ठाणे,
फाल्गुन वद्य पंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आज तुमच्याकडे रंगपंचमीची धामधूम असेल. आमच्याकडे रंग धुळवडीलाच खेळून होतो, त्यामुळे आजची संध्याकाळ मोकळी मिळाली आणि तुला सविस्तर लिहायचे राहून गेले होते ते लिहायला बसलो आहे. परवा फोनवर तू एकच प्रश्न दोनदा विचारलास, "तू? चालत? शिरडीला?" आणि मी विषय बदलला, कारण बायको शेजारीच बसली होती आणि तिलाही याचे उत्तर मी अजून धड दिलेले नाही.

चौथीत असताना मला विषमज्वर झाला होता, ते तुला आठवत असेल. तू रोज शाळेचा अभ्यास घेऊन यायचास आणि आई तुला दारातूनच परत पाठवायची. ताप उतरेना तेव्हा तिने नवस बोलला, पोरगा उठू दे, त्याला शिरडीला चालत आणीन. पोरगा उठला. त्यानंतर आई आयुष्यभर शिरडीला जात राहिली, पण दरवेळी एस.टी.ने, आणि घरी आल्यावर प्रसाद वाटताना म्हणायची, "हे धरायचं नाही हं, चालत जायचं राहिलंय." गेल्या श्रावणात ती गेली. तिचे कपाट आवरताना बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात उदीच्या पुड्या निघाल्या, रबर लावून ठेवलेल्या. प्रत्येक पुडीवर बॉलपेनाने साल लिहिलेले होते आणि सालाखाली बारीक अक्षरात एकच शब्द, "बसने". मी एकोणतीस पुड्या मोजल्या. एकीवरही तो शब्द लिहायला ती विसरली नव्हती.

मी भाविक नाही हे तुला सांगायला नको. चैत्रात माजिवड्याला पालखीमुळे गाडी अडकली की सर्वांत आधी कुरकुरणारा मीच. नवस तिने बोलायचा आणि चालायचे मी, हा व्यवहारही मला सत्तेचाळीस वर्षे एकतर्फी वाटत आला. पण ताप मला आला होता, हेही खरे. तेव्हा आमच्या भागातल्या एका मंडळाच्या पदयात्रेत मी नाव घातले आहे. पाडव्याची गुढी घरी उभारायची आणि द्वितीयेला पहाटे तीनला निघायचे. महामार्गाने पडघा, शहापूर, आटगाव, कसारा. मग घाट चढून इगतपुरी, घोटी. तिथून मुंबई-आग्रा रस्ता सोडून पांढुर्लीवरून सप्तमीला तुमचे सिन्नर. अष्टमीचा मुक्काम वावीच्या पुढे आणि नवमीला शिरडी. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे आठ दिवसांत रोजचे अठ्ठावीस. दुपारी बाराचा रामजन्म गाठायचाच की शांतपणे संध्याकाळपर्यंत पोचायचे, यावर मंडळात सरळ दोन तट आहेत आणि दर बैठकीत हा वाद नव्याने होतो.

तयारीला मी मार्गशीर्षात लागलो. आधी वाटले होते, दम वाढवायचा आणि मांड्या मजबूत करायच्या, की झाले. म्हणून रोज पहाटे उपवन तलावापासून येऊरचा चढ चढू लागलो. दम महिन्याभरात वाढला. घोटाळा झाला तो खाली, पायांत. एका दुकानातून मी नवे बूट घेतले. सकाळी अकराला गेलो होतो. विक्रेत्याने अंगठा दाबून पाहिला, "एकदम फिट साहेब" म्हणाला आणि मी खूश होऊन घेऊन आलो. त्या बुटांनी पहिल्या लांबच्या चालीला, घोडबंदर रस्त्याने जेमतेम अठरा किलोमीटर झाल्यावर, उजव्या अंगठ्याचे नख काळेनिळे करून दाखवले. पाय चालून चालून सुजतात आणि उतारावर बोटे पुढे जाऊन आदळतात, हे या वयात मला नखाने शिकवले. मग दुसरे बूट घेतले ते संध्याकाळी जाऊन, दिवसभर उभे राहिलेल्या पायांनी, जाड मोजे घालून आणि एक नंबर मोठे. सुती मोजेही सोडले, कारण घामाने ते ओले झाले की ओलेच राहतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतो. सुताला मी नावे ठेवीन असे कधी वाटले नव्हते.

माझी साखर तुला ठाऊक आहे. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते नको म्हणतील अशी मला भीती होती, आणि खरे सांगायचे तर थोडी आशाही होती. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक ताठ, बारीक धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवून विचारत गेले, "आता लागलं? आता?" लागत असल्याचे मी दर वेळी सांगितले, तेव्हा म्हणाले, "जा, पण रोज रात्री तळवे आरशात बघायचे. तुमच्यासारख्यांना फोड दुखायच्या आधी चिघळतो." त्या दिवसांपुरती गोळी कमी करून दिली आणि खिशात खडीसाखर ठेवायला सांगितली. मंडळातले जुने पदयात्री फोडातून सुईने दोरा ओवून तो तसाच ठेवतात, म्हणजे पाणी झिरपत राहते आणि चालता येते. डॉक्टरांनी तो उपाय मला साफ बंद केला आहे. घरचे जलसंजीवनीचे प्रमाण मात्र लिहून दिले, एक लिटर पाण्याला साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचे चहाचे. साखरेला घाबरून हे टाळू नका आणि सरबत समजून पीत बसू नका, असे दोन्ही बजावले. कसाऱ्यापर्यंत आमची हवा दमट, घाम दिसतो; घाटावर हवा कोरडी, घाम अंगावरच सुकतो आणि पाणी किती गेले ते माणसाला कळतच नाही. तुमच्याकडचे लोक मार्चमध्येच डोक्याला उपरणे का गुंडाळतात, ते मला आता उमगते आहे.

माझी खरी गुरू मात्र चेंदणी कोळीवाड्यातली एक मावशी आहे. वय सदुसष्ट, वाऱ्या चौदा, आणि पायांत रबरी चप्पल. माझे बूट, मोजे, गुडघ्याचे पट्टे पाहून ती हसत नाही. फक्त बघते, आणि ते जास्त लागते. माघात आम्ही दहाबारा जण सरावाला टिटवाळ्याच्या गणपतीला चालत गेलो, ठाण्याहून तीस किलोमीटर. मी पहिले दहा किलोमीटर सर्वांच्या पुढे होतो. कल्याण सोडले आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची कातडी घासून घासून सोलवटली. या गोष्टीबद्दल कोणीही आधी सांगत नाही, म्हणून तुला सांगतो. फेंगड्या पायांनी चालणाऱ्या मला मावशीने मागून येऊन गाठले, पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि म्हणाली, "जा झाडामागं, लाव. आणि आता माझ्या मागनं चाल." मी पुढचे पाच किलोमीटर तिच्या चपलांच्या टाचा बघत चाललो. तिचा वेग इतका कमी होता की मला सुरुवातीला लाज वाटली, पण ती थांबतच नव्हती आणि पुढे गेलेले सगळे रसवंतीवर थांबलेले आम्हाला एकेक करून भेटत गेले. घाटाबद्दल तिने एकच सूचना दिली आहे. "आलंच, एवढं वळण राहिलं" असे जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, मग तो सेवेकरी असला तरी.

घाटाची धास्ती मला आहेच. शिवाय कसारा या नावाचीही एक गंमत आहे. ठाण्याच्या फलाटावर उभे राहून ती पाटी आपण आयुष्यभर वाचली, "कसारा जलद", आणि कसारा म्हणजे जिथे लोकल संपते ती जागा, यापलीकडे आपण कधी विचार केला नाही. आता त्या पाटीपर्यंत तीन दिवस चालायचे आणि मग जिथे लोकल जात नाही तिथे चढायचे. कसारा ते इगतपुरी चढ तीनशे मीटरांच्या आसपास आहे. रेल्वेच्या मार्गाला तिथे सदतिसास एक असा उतार आहे, म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने जोडतात. लहानपणी मामाच्या गावी जाताना मी खिडकीतून वाकून ती मागची इंजिने बघायचो आणि आई माझा सदरा धरून ठेवायची. हल्ली समृद्धी महामार्गाच्या जवळपास आठ किलोमीटरांच्या बोगद्यातून मोटारी हा सगळा डोंगर काही मिनिटांत मागे टाकतात. पायी माणसाला त्या महामार्गावर प्रवेश नाही. आमच्यासाठी घाट जिथे होता तिथेच आहे आणि वर घाटनदेवी बसलेली आहे.

गेल्या रविवारी मंडळाच्या टेंपोतून मी मुक्कामाच्या जागा बघायला गेलो होतो. शहापूरच्या पुढे पळस अजून फुललेला आहे आणि मोहाची फुले पडू लागली आहेत. वास आधी येतो, झाड नंतर दिसते. पण एका पाड्यापाशी मुक्कामाची चौकशी करायला थांबलो तेव्हा विहिरीवर बायका डबक्यातले पाणी वाटीने हंड्यात भरत होत्या. भातसा, तानसा ही धरणे याच तालुक्यात आहेत. आम्हा मुंबई-ठाणेकरांना नळाला येते ते पाणी इथूनच जाते. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला न विचारता तांब्या भरून दिला. मला तो घेववेना आणि नाकारवेना. अण्णांनी, म्हणजे मंडळाच्या प्रमुखांनी, तो हातात घेतला, दोन घोट पिऊन उरलेला मला दिला आणि परतीच्या वाटेवर ठरवले की या टप्प्यासाठी पाण्याचा टँकर मंडळाने ठाण्याहून न्यायचा आणि उरलेले पाणी पाड्याच्या पिंपांत रिकामे करायचे. फुकट जेवण, फुकट चहा, रस्त्यात कोणीही उभे राहून हातात ठेवलेले कलिंगड, हे सगळे घेत आठ दिवस चालायचे आहे. पन्नास रुपयेसुद्धा कोणाचे न ठेवणारा माणूस मी. येऊरचा चढ चढून या गोष्टीची तयारी होत नाही.

आणखी एक सांगतो, कारण तुला इतिहासाची आवड आहे. शिरडीत रामनवमीच्या दिवशी जो उत्सव होतो त्याची सुरुवात १८९७ साली उरुसाने झाली. रामजन्माचा सोहळा त्याला पुढे जोडला गेला. त्यामुळे निशाणे, संदल आणि पाळणा हे सगळे एकाच दिवशी निघते. आमच्या पदयात्रेत पुढे जे निशाण असते ते धरायची पाळी प्रत्येकाला किलोमीटरभर येते. सरावाला मी ते धरून पाहिले. काठी जड नाही, पण वारा सुटला की खांद्याला झोंबते, आणि पहाटे साडेतीनला मागून ट्रक आला की कापड फाडकन आपल्याच तोंडावर येते. त्यासाठी चमकणारी जाकिटे घेतली आहेत आणि रांगेच्या मागे दिवा लावलेला टेंपो ठेवायचा आहे. घरी बायकोला याच गोष्टीची काळजी आहे, पायांची नाही. ती सोबत येत नाही, पण माझ्या बॅगेवर पांढऱ्या रंगाने एक्केचाळीस हा क्रमांक तिनेच काढला आहे, इतका ठसठशीत की सेवेकऱ्याला अंधारातही दिसेल.

आता तुझ्याकडची कामे. पहिले म्हणजे, सिन्नरला घरी मुक्कामाला चल, असा आग्रह धरू नकोस. मी मंडपातच सतरंजीवर झोपणार आहे. शंभर माणसांच्या घोरण्याला मीही भर घालीन. दुसरे, तुझी गाडी घरीच ठेव. तुझा स्वभाव मला माहीत आहे. मला लंगडताना पाहिलेस की तू म्हणशील, "वावीपर्यंत तरी सोडतो, कोणाला कळणार आहे?" आणि सहाव्या दिवशी माझ्या तोंडून नाही निघेलच, याची मला खात्री नाही. तेव्हा चालत ये. गोंदेश्वराच्या देवळापाशी मी दुपारी बाराच्या सुमारास पोचेन; तिथे झाडाखाली थांब.

येताना मोठे घमेले आण, थर्मासमध्ये कोमट पाणी आण आणि मूठभर खडे मीठ. पाणी जास्त गरम नको, डॉक्टरांनी कोपराने तपासून घ्यायला सांगितले आहे. वहिनींना ताक करायला सांग, साखर न घालता. आणि तो छोटा हातातला आरसा आण. माझा टिटवाळ्याच्या वाटेवर फुटला, आणि तळवे बघायला सोबतीला कोणीतरी लागतेच, वाकून मला दिसत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकसोबती