यादीत नसलेलं बाळ

प्रिय मीरा,

चेर्नोबिलवरचा माहितीपट तुला ‘नुसती कविता’ वाटला, आकडे कुठे आहेत असं तू विचारलंस. मला ते पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आकडे आहेत गं. २६ एप्रिल १९८६, रात्री १ वाजून २३ मिनिटं: तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राची चौथी अणुभट्टी फुटली. सोव्हिएत सरकारनं मृतांचा आकडा ३१ सांगितला आणि वर्षानुवर्षं तोच छापला गेला. त्या ३१ जणांत वासिली इग्नातेन्को आहे, आग विझवायला गेलेला २५ वर्षांचा जवान. १३ मे रोजी मॉस्कोच्या सहा नंबरच्या रुग्णालयात तो वारला. त्याची बायको गरोदर होती, ते लपवून ती त्याच्या उशाशी बसून राहिली. त्याला जस्ताच्या पेटीत घालून पुरलं, वर काँक्रीट ओतलं. पुढे त्यांची मुलगी जन्मली आणि काही तासांत गेली. ती मुलगी कुठल्या यादीत आहे, सांग बरं? पंपावर कामाला असलेला वालेरी खोदेमचुक यादीत आहे, पण त्याचं शरीर अजून त्या भट्टीच्या ढिगाऱ्यातच आहे. नवऱ्याला माती द्यायचंही त्याच्या बायकोच्या वाट्याला आलं नाही.

केंद्राशेजारच्या प्रिप्यात शहरातल्या लोकांना २७ तारखेच्या दुपारी बसमध्ये बसवलं. तीन दिवसांपुरतं सामान घ्या, म्हणाले. कुत्री-मांजरं मागे राहिली आणि नंतर शिकाऱ्यांनी ती गोळ्या घालून मारली.

आता हे दाखवायचं कसं? किरणोत्साराला रंग नाही, वास नाही. झाडांना पालवी होती, विहिरीत पाणी होतं, घरं जशीच्या तशी उभी होती. बेलारूसमध्ये तर गावंच्या गावं खड्डे खणून पुरली, वरची मातीसुद्धा खरवडून पुरली. मातीला माती देणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं, ते सांगायला तक्ता अपुरा पडतो. तिथे रिकाम्या खोलीवर कॅमेरा थांबवून मागून एखाद्या बाईचा आवाज येऊ द्यावा लागतो. हे मी अगदी मनापासून म्हणते आहे.

एका बाबतीत मात्र तुझं बरोबर आहे. प्रिप्यातच्या त्या पिवळ्या आकाशपाळण्यावर रेंगाळणारे माहितीपट मलाही खुपतात. उजाडपणा देखणा दिसतो आणि माणसं बाजूला राहतात. मला त्या म्हाताऱ्या बघायच्या असतात, ज्या बंदी मोडून आपल्या घरी परतल्या आणि तिथल्याच जमिनीत बटाटे लावून जगल्या. ईस्टरनंतर पितरांचा दिवस येतो, रादुनित्सा. त्या दिवशी उठवलेल्या गावांचे लोक आपल्या माणसांच्या थडग्यांपाशी येतात, तिथेच बसून जेवतात. जिवंतांना राहायला बंदी असलेल्या गावात मेलेल्यांना भेटायला जायचं! हे ज्या माहितीपटात आहे, तो मला खरा वाटतो.

तू तो पुन्हा एकदा बघ, या वेळी एकटीनं आणि सलग. मग तुझं मत बदललं नाही तरी मला कळव.

तुझी,
सुनंदा