ओव्हरक्लॉक केलेला संगणक ‘स्थिर’ केव्हा म्हणावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या संगणकाचा प्रोसेसर निर्मात्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, या विषयावर वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक पानांवर अधूनमधून मार्गदर्शनपर मजकूर येत असतो, ही समाधानाची बाब आहे. मात्र अशा बहुतेक लेखनात गाठलेल्या वेगाचा आकडा ठळकपणे दिलेला असतो आणि तो वेग ‘पूर्णपणे स्थिर’ आहे, असे एका वाक्यात सांगून विषय आटोपला जातो. ही स्थिरता कशाच्या आधारे ठरवली, किती वेळ तपासली आणि कोणत्या कामासाठी तपासली, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. या विषयातील खरा कठीण भाग तोच आहे, असे माझे मत असल्यामुळे हा पत्रप्रपंच.

प्रोसेसरचा वेग हा बेस क्लॉक (संगणकाच्या मूळ घड्याळाची गती) आणि मल्टिप्लायर (त्या गतीला गुणणारा आकडा) यांच्या गुणाकारातून ठरतो. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर ४५ असेल, तर वेग ४.५ गिगाहर्ट्झ होतो आणि प्रत्येक आवर्तनाला सुमारे २२२ पिकोसेकंद मिळतात. मल्टिप्लायर ५० केला की हाच अवधी २०० पिकोसेकंदांवर येतो. तेवढ्या वेळात विद्युतसंकेताने प्रोसेसरमधील सर्वांत लांबचा मार्ग पार करून योग्य ठिकाणी पोहोचावे लागते. तो उशिरा पोहोचला, तर तेथे चुकीचे मूल्य नोंदले जाते, आणि अनेकदा प्रोसेसरला स्वतःलाही ती चूक कळत नाही. चुकलेला आकडा स्मृतीतील पत्ता असेल, तर प्रोग्रॅम बंद पडतो किंवा निळा पडदा दिसतो. पण तो एखाद्या छायाचित्रातील बिंदूचा किंवा हिशोबाच्या तक्त्यातील रकान्याचा असेल, तर काहीही न घडता चुकीची फाइल साठवली जाते आणि पुढे तिचाच बॅकअपही घेतला जातो. म्हणून ‘संगणक हँग होत नाही’ एवढ्यावरून त्याला स्थिर ठरवता येत नाही. स्थिरतेचा अर्थ प्रत्येक आकडेमोडीचे उत्तर बरोबर येणे असाच घेतला पाहिजे.

ही भीती काल्पनिक नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाड-नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ओव्हरक्लॉक केलेल्या यंत्रांत प्रोसेसरशी संबंधित बिघाडाची शक्यता स्पष्टपणे वाढलेली आढळली होती. २०२१ मध्ये गूगल आणि फेसबुक या कंपन्यांच्या अभियंत्यांनी त्याहून गंभीर अनुभव मांडला. त्यांच्या डेटा सेंटरमधील काही थोडे प्रोसेसर कोणताही इशारा न देता चुकीची उत्तरे देत होते. निर्मात्याने प्रोसेसरच्या कमाल क्षमतेपासून सुरक्षित अंतर राखूनही जर असे घडत असेल, तर ते अंतर स्वतःच्या हाताने कमी करणाऱ्याची जबाबदारी नक्कीच वाढते.

हे अंतर आता फारसे उरलेलेही नाही. १९९८ मधील सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर बसचा (म्हणजे तेव्हाच्या मूळ घड्याळाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केल्यावर ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर सहज चालत असे, आणि त्या काळाची आठवण आजही अपेक्षा वाढवून ठेवते. आज कोअर आय९-१४९००केएससारखा प्रोसेसर कारखान्यातूनच ६.२ गिगाहर्ट्झ इतका कमाल वेग घेऊन येतो. म्हणजे मिळण्याजोगे बरेचसे निर्मात्याने आधीच वसूल केलेले असते. शिवाय एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर सारखे नसतात. त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावरील व्होल्टेज आणि मल्टिप्लायर जसेच्या तसे उतरवून घेणे निरर्थक आहे.

वेग वाढवण्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते आणि त्याची किंमत वेगापेक्षा कितीतरी जलद वाढते. ट्रान्झिस्टरच्या उघडझापेत खर्च होणारी शक्ती ही वारंवारितेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४.५ वरून ५ गिगाहर्ट्झवर जाण्यासाठी १.२ व्होल्टऐवजी १.३५ व्होल्ट द्यावे लागले असे धरले, तर वेग सुमारे ११ टक्के वाढतो आणि ही शक्ती सुमारे ४० टक्के. ही सगळी उष्णता कूलरने वाहून न्यायची असते. जास्त तापमानाला गळती-प्रवाह (बंद ट्रान्झिस्टरमधूनही झिरपणारा प्रवाह) वाढतो, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते, आणि प्रोसेसर कमाल मर्यादेला पोहोचला की स्वतःच वेग कमी करतो. मग पडद्यावर मोठा आकडा दिसत असतानाही काम पूर्वीपेक्षा हळू होण्याची वेळ येते.

व्होल्टेजचा दुसरा परिणाम दीर्घकालीन आहे. विद्युतप्रवाहाची घनता आणि तापमान यांमुळे सूक्ष्म तारांतील धातूचे अणू हळूहळू सरकतात, आणि ट्रान्झिस्टरही झिजतात. आज जेमतेम पुरणारे व्होल्टेज पुढे अपुरे पडते. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत नेमके हेच उघड झाले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत राहिल्यामुळे त्यांना लागणारे किमान व्होल्टेजच वाढत गेले, आणि कंपनीला नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील नियंत्रक आज्ञावली) तसेच दोन वर्षांची वाढीव हमी द्यावी लागली. त्याआधी २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील काही एक्स३डी प्रोसेसर जळाल्यानंतर एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधील स्मृती-नियंत्रक आदी भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली होती. ही दोन्ही उदाहरणे पाहता, बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ मांडणी-पडद्यावरील) ‘ऑटो’ या पर्यायावर व्होल्टेज सोडून देण्याचा सल्ला कोणत्याही लेखात येऊ नये, असे मला आग्रहाने वाटते. मदरबोर्ड अशा वेळी हात सैल सोडून व्होल्टेज देतो, आणि ते प्रत्यक्षात किती दिले जात आहे हे वापरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

आता चाचणीविषयी थोडे सविस्तर. सर्वप्रथम मूळ वेगावरच संगणक पूर्णपणे तपासून घ्यावा, कारण रॅम किंवा पॉवर सप्लायचा जुना दोष पुढे ओव्हरक्लॉकच्या माथी मारला जातो. रॅमचे एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार मांडणी) हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, ही गोष्ट फार थोडे जण सांगतात. रॅम आणि प्रोसेसर यांचा वेग एकाच वेळी वाढवला, तर चूक कोठे होते हे शोधणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून एकाची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क चाचणीच्या काळात संगणकापासून काढून ठेवावी.

चाचणीसाठी निवडलेला प्रोग्रॅम उत्तर पडताळून पाहणारा असावा. नुसता भार टाकणारा प्रोग्रॅम कूलरची परीक्षा घेतो, प्रोसेसरच्या अचूकतेची नाही. प्राइम९५ हा प्रोग्रॅम या कामी इतका उपयोगी ठरतो, याचे कारण तो मर्सेन मूळसंख्यांच्या (दोनच्या घातातून एक वजा करून येणाऱ्या मूळसंख्यांच्या) शोधासाठी तयार झालेला आहे आणि ज्ञात उत्तरांशी आपली उत्तरे ताडून पाहतो. त्या शोधप्रकल्पातही एका यंत्राचे उत्तर दुसऱ्या यंत्राकडून पुन्हा तपासून घेण्याची पद्धत राहिली आहे, यावरूनच घरगुती संगणकांच्या अचूकतेविषयी गणितज्ञ किती सावध असतात हे दिसते. एव्हीएक्स प्रकारच्या सूचना (एकाच वेळी अनेक आकड्यांवर क्रिया करणाऱ्या) वापरल्या की प्रोसेसरवरचा भार आणि तापमान दोन्ही बरेच वाढतात. म्हणून त्या वापरून आणि न वापरता, अशा दोन्ही चाचण्या घ्याव्यात.

परंतु केवळ जड भाराची चाचणी पुरेशी नाही, आणि येथेच अनुभवी मंडळीही फसतात. भार वाढला की प्रोसेसरपर्यंत पोहोचणारे व्होल्टेज खाली येते; ते सावरण्यासाठी बायोसमध्ये लोड-लाइन कॅलिब्रेशनची सोय असते. ती फार तीव्र ठेवली, तर भार एकदम उतरताच व्होल्टेज क्षणभर वर उसळते. उलट, आधुनिक प्रोसेसर हलक्या कामात एक-दोन कोअरना (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-विभागांना) सर्वाधिक वेग देतात. कर्व्ह ऑप्टिमायझर या एएमडीच्या सोयीसारख्या मार्गाने प्रत्येक वेगासाठीचे व्होल्टेज कमी केलेले असेल, तर तेच कमी व्होल्टेज त्या सर्वोच्च वेगाला अपुरे पडते. परिणामी रात्रभर जड चाचणी निर्वेध पार केलेला संगणक दुसऱ्या दिवशी कोणतेही काम न करता नुसता चालू असताना अचानक बंद पडतो. म्हणून प्रत्येक कोअरची स्वतंत्र चाचणी, भार चढता-उतरता ठेवणारी चाचणी आणि संगणक ‘स्लीप’ अवस्थेतून जागा होण्याची चाचणी या तिन्ही आवश्यक आहेत. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) डब्ल्यूएचईए (WHEA) नावाच्या हार्डवेअर त्रुटींची एकही नोंद उमटली, तरी चाचणी नापास समजावी, मग संगणक कितीही सुरळीत चालत असो.

शेवटची पायरी बहुतेक लेखांत वगळलेली असते. ज्या वेगावर चाचणी पार पडली, त्यावरून किमान १०० मेगाहर्ट्झ मागे यावे. खोलीचे तापमान जितके वाढेल, साधारण तितकेच प्रोसेसरचेही वाढते. त्यामुळे थंडीत काठावर टिकलेला वेग उन्हाळ्यात टिकेलच असे नाही. धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट आणि वर उल्लेखिलेली झीज यांसाठीही काही जागा राखून ठेवावी लागते.

आपल्या पानावर यापुढे ओव्हरक्लॉकिंगचा मजकूर छापताना प्रत्येक वेगासोबत भाराखाली मोजलेले व्होल्टेज, कमाल तापमान, खोलीचे तापमान, चाचणीचे नाव आणि तिचा कालावधी हे पाच तपशील द्यावेत, अशी माझी विनंती आहे. ज्या लेखकाकडे हे तपशील नसतील, त्याच्या आकड्यापुढे ‘स्थिर’ हा शब्द छापू नये.

कळावे,
आपला एक नियमित वाचक