ध्वनिपाठात विरामाला जागा हवी

नौपाडा, ठाणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

शाळेतील मुलांसाठी शुद्धोच्चाराचे ध्वनिपाठ संगणकावर तयार करण्याचे तू मनावर घेतलेस, हे वाचून फार आनंद झाला. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे तू विचारले आहेस. ऑडॅसिटी घे, ते 2000 सालापासून विनामूल्य मिळते आणि साध्या संगणकावरही चालते. खरी काळजी घ्यायची ती ध्वनिमुद्रणाची आणि त्याहूनही अधिक संपादनाची.

आमच्याकडे स्टेशनचा भाग जवळ असल्यामुळे दिवसभर लोकल आणि रिक्षा यांचा आवाज असतो, म्हणून मी पहाटेच, खिडक्या व पंखा बंद करून, कपड्यांच्या कपाटाशेजारी बसून पाठ वाचतो. कपडे आणि पडदे आवाज शोषतात, त्यामुळे खोलीतला घुमारा कमी होतो. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेव, म्हणजे प, फ, भ उच्चारताना बाहेर पडणारा श्वासाचा झोत थेट त्यावर आदळणार नाही. आवाजाची सर्वोच्च पातळी उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहू दे. शून्य ही संगणकातली कमाल मर्यादा. पातळी तिच्यापलीकडे गेली की ध्वनिलहरीचे माथे कापले जातात आणि ती हानी नंतर पूर्णपणे भरून काढता येत नाही.

मुद्रण मोनोमध्ये, म्हणजे एकाच वाहिनीत, सेकंदाला 44,100 नमुने या दराने कर. नमुना म्हणजे ध्वनिलहरीचे त्या क्षणी घेतलेले मोजमाप. जितके नमुने घेतले जातात, त्याच्या निम्म्यापर्यंतचीच कंपने ध्वनिफितीत उतरतात. म्हणून 8,000 नमुन्यांच्या मुद्रणात 4,000 हर्ट्झच्या वरचे सारे गळून पडते, आणि ‘स’चा बराचसा सळसळाट नेमका त्याच भागात असतो. ज्या पाठात ‘स’ आणि ‘श’ यांतला भेद कानांनी ओळखायचा आहे, तिथे जागा वाचवण्यासाठी नमुने कमी करणे मला मुळीच मान्य नाही.

आता संपादनाविषयी. लांब शांतता आपोआप आखूड करण्याची सोय ऑडॅसिटीत आहे. मुलाखतीसाठी ती चांगली, पण पाठावर ती चालवू नकोस. आपण शब्द उच्चारल्यावर मुलाला तो ऐकून, मनात जुळवून, मोठ्याने म्हणायचा असतो, आणि तेवढा वेळ ध्वनिफितीत नसेल तर आपला पाठ केवळ भाषण होतो. अनुकरणाच्या वाक्यानंतर त्या वाक्याच्या दीडपट, आणि प्रश्नानंतर त्याहूनही मोठा विराम मी ठेवतो. हा विराम कृत्रिम, पूर्ण शांततेने भरू नये. ती ऐकताना ध्वनिफीत बंद पडली असे वाटते. त्यासाठी मुद्रणाच्या आरंभी काही सेकंद गप्प बसून त्या खोलीची स्वाभाविक शांतता टिपून ठेव आणि तिचेच तुकडे हवे तिथे जोड.

हाच तुकडा पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करतानाही नमुना म्हणून उपयोगी पडतो, मात्र ती प्रक्रिया हलक्या हातानेच करावी. अतिरेक केला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि नेमकी श, ष, स ही ऊष्म व्यंजनेच झिजतात. अडखळलेला शब्द कापून जोडण्यापेक्षा पूर्ण वाक्य पुन्हा वाचणे चांगले. त्यामुळे आवाजाचा चढउतार तुटत नाही.

ऑडॅसिटीतील प्रकल्पाची फाइल आणि वेव्ह प्रत, म्हणजे आकार कमी न केलेली ध्वनिफाइल, जपून ठेव. मुलांना पाठवण्यासाठी 64 केबीपीएसची (सेकंदाला 64 किलोबिट) मोनो एमपी3, म्हणजे आकार कमी केलेली ध्वनिफाइल, पुरते, कारण दहा मिनिटांचा पाठ पाच एमबीच्या आत मावतो. व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे तिची आणखी काटछाट होत नाही.

पहिल्या पाठाचे संपादन करण्यापूर्वीची वेव्ह प्रत मला अवश्य पाठव. विराम कुठे आणि किती असावेत, ते आपण दोघे मिळून ठरवू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध